भासऱ्यांनी ऐकलेला आवाज

विहिरीचं शेत मला हवं होतंच. पण त्याहून जास्त मला तात्यासाहेबांना चारचौघांत मान खाली घातलेलं बघायचं होतं. तात्यासाहेब म्हणजे माझे भासरे, मालकांचे थोरले भाऊ. खोटं कशाला बोलू?

मालक वारले आणि महिन्याच्या आत त्यांनी ओसरीवर पंच बसवले. मुकुंदवाडी स्टेशनाजवळचं विहिरीचं शेत स्वतःला, खडकाळ माळ मला. मी दाराआड पदर ओढून बसले होते. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "आमच्या बन्सीच्या मंडळीची काय हरकत?"

आमच्यात भावजय भासऱ्यासमोर ब्र काढत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गप हाय म्हंजी राजी हाय. करा सह्या."

मी आतल्या आत जळले. मग दावा लावला. पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती, निजामाचं राज्य जाऊन नवे कायदे आले होते. भासऱ्याला कोर्टात खेचणारी बाई मात्र गावानं पाहिली नव्हती. लोक मला बघून थुंकले. थुंकू देत.

औरंगाबादच्या कोर्टात तात्यासाहेब कडक फेटा बांधून पिंजऱ्यात उभे राहिले. माझे वकील अनंतराव यांनी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या भावजयीचा आवाज कसा आहे हो?"

तात्यासाहेब भडकले. "आमचं खानदान इज्जतदार हाय, वकीलसाहेब! लगीन होऊन आली तवापासून तिचा आवाज ऐकला नाय म्या."

"मग वाटणी तिला नामंजूर असती, तर तुम्हाला कसं कळलं असतं?"

तात्यासाहेबांनी फेटा सावरला.

"उत्तर द्या," मुन्सफसाहेब म्हणाले.

तात्यासाहेब इकडंतिकडं बघत राहिले. मी उठले. पदर मागं सारला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"साहेब, भासरे गप हायेत. राजी हायेत, असं लिहून घ्या."

अख्खं कोर्ट हसलं. मुन्सफसाहेबांनी मला दटावून खाली बसवलं. तात्यासाहेबांची मान खाली गेली होती आणि मी ती पोटभर बघून घेतली.

निकालात शेत माझं झालं. आता ते बांधावरून जाताना दिसले, की मी मुद्दाम विहिरीवरून हाक मारते, "पाणी पिऊन जा की, तात्यासाहेब!"

ते गप असतात.