मुका बझर

नखाएवढा काळा बझर, मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक — आणि त्यातून आवाज म्हणून फुटत नव्हता.

तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी स्वतःच्या बोटाला लावलेली यंत्राची वायर काढून वीस सेकंद झाले होते. पेशंटच्या उशाशी ठेवायचं यंत्र ते. वायर निघाली की कोकलायला हवं. स्क्रीन मात्र वीज वाचवायला त्याआधीच झोपला होता.

"वाजेल, वाजेल," मास्तर म्हणाले. टीममधले सगळ्यात जुने; बझर वाजवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, त्यांनीच लिहिला होता.

वाजणार नव्हता. मागे उभ्या त्यांच्या ज्युनिअरला हे मंगळवारपासून ठाऊक होतं. कोड तपासायला तिच्याकडेच आला होता. बझरला ठोके पुरवणारं क्लॉक कुठल्या पेरेंटवरून, म्हणजे मूळ क्लॉकवरून, घ्यायचं, एवढाच प्रश्न. मास्तरांनी ते स्क्रीनच्या क्लॉकला जोडलेलं… म्हणजे स्क्रीन झोपला की बझरही मेला. कधीच न थांबणारं क्लॉक यादीत वरच्याच ओळीत होतं. एका शब्दाची चूक. तिचं बोट त्या शब्दावर थांबलं — आणि आठवली सहा वर्षांपूर्वीची ती मीटिंग, वीस माणसं, तिचा पहिलावहिला कोड हेल काढून वाचणारे मास्तर : "हिचं लग्न लावून द्या रे कुणीतरी, कोडचे हाल तरी थांबतील!" सगळे हसले होते. तीही हसली होती, हेच अजून सलत होतं… तिनं लिहिलं, 'तपासलं. ठीक आहे.'

"तपासलं कुणी हे?" कंपनीच्या साहेबांनी विचारलं.

"हिनंच. पण तिला बोलू नका, नंतर मी हात घातला त्यात," मास्तर चक्क खोटं बोलले.

"मग आता हात आवरा, मास्तर. वय झालं की थांबावं माणसानं."

खोली रिकामी झाल्यावर मास्तर वायर गुंडाळत तिच्याजवळ आले. "हल्ली विसरायला होतं गं मला. घरी बोललो नाही अजून. तुलाही नव्हती ना दिसली चूक?"

'नाही' म्हणायला काय जात होतं?

"पहिल्याच नजरेत दिसली होती. वाटलं, तुम्ही आहात म्हणजे काहीतरी कारण असेल."

त्यांनी मान हलवली. वायर पुन्हा पहिल्यापासून गुंडाळू लागले.

ती जिना उतरली. पश्चात्ताप होईल म्हणून थांबून पाहिलं — छे, छान वाटत होतं. नर्सबाईंनी स्क्रीन झोपायची वाट पाहिली म्हणून बरं, नाहीतर यंत्र थेट कुणाच्या तरी उशाशी… मंगळवारी त्या 'कुणा'चा, त्या पेशंटचा, विचार आपल्या मनात आला होता का? तिनं आठवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. फक्त मास्तरच दिसत होते. खाटेवर कुणीच नव्हतं.