सायकल शर्यतीत पहिली आलेली फियाट

रोहा ते पेण कुटुंब सायकल शर्यतीत मोरोपंतांची फियाट पहिली आली.

असं काही झालेलं नाही. शर्यतच झाली नाही. इंधन बचत मंडळाने तसा एकमताने ठराव केला आहे, आणि ठरावावर सह्या करणाऱ्या सगळ्यांचे पाय त्या संध्याकाळी सुजलेले होते. तेव्हा शर्यतीचा विषय इथेच सोडू. सांगायचं आहे ते मालतीबद्दल, म्हणजे मोरोपंतांच्या सुनेबद्दल.

मालती रोह्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. पेट्रोलचा भाव तिच्या वर्गातल्या हुशार मुलांच्या टक्क्यांना जाऊन भिडला, तेव्हा तिने घरात जाहीर केलं की यापुढे या घरात पेट्रोलचा थेंब येणार नाही. तिने स्वतःला सायकल घेतली, मुलीला, वृंदाला घेतली आणि नवऱ्यालाही घेतली. नवरा गोपाळ धाटावच्या एका कंपनीत हिशेबनीस होता. तो शिफ्टच्या बसला चिकटून सायकल हाणायचा, कारण बसच्या मागे वारा लागत नाही. बसमधले लोक त्याला खिडकीतून रोज विचारायचे की आत जागा आहे, येतोस का, आणि तो रोज म्हणायचा की नको, दमलोय.

महिनाभरात अख्खी आळी सायकलवर आली. मग कुणी किती वाचवलं याची चढाओढ लागली. रोजच्या कामाला जाऊन-येऊन वाचून वाचणार किती? तेव्हा लोक न गेलेल्या गावांचं पेट्रोलही धरायला लागले. एका घराने सांगितलं की रविवारी आम्ही महाबळेश्वरला गेलो नाही, केवढं तरी वाचलं. शेजारच्यांनी लगेच कळवलं की ते गोव्याला गेले नाहीत, आणि तेही सहकुटुंब.

या सगळ्यात मोरोपंतांची फियाट अंगणात फणसाखाली उभी राहिली. मोरोपंत निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर ते स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचे आणि मोहरी नीट तडतडली की नाही ते चष्मा लावून बघायचे. चुकलं तर पुन्हा फोडणी करायला सांगायचे. फियाट उभी राहिल्यावर एका सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, गाडीत स्टिअरिंगवर बसले, "पेणला जाऊन येतो" म्हणाले आणि संध्याकाळी पाचला उतरले. मालतीने दुपारी चहा नेला तर त्यांनी तो खिडकीतूनच घेतला. भर रस्त्यात गाडी सोडून उतरता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या सीटवर हैबतराव बसायला लागले. हैबतराव आतल्या गावचे भातशेतीवाले, मुलगा रोह्यात नोकरीला म्हणून शेजारी राहायला आलेले. त्यांना रोज नागोठण्यापर्यंत जायचं असायचं. मोरोपंत कोलाड-खांबवरून जायचे. तो रस्ता लांबचा, पण पेट्रोल लागत नसल्यामुळे परवडायचा.

"मास्तर, खांब आलं का?" हैबतराव डोळे चोळत विचारायचे.

"आत्ताच गेलं. तुम्ही झोपला होतात."

"मंग उठवायचं नाय का. भजी खायाची व्हती."

नागोठणं आलं की हैबतराव उतरून, कुंपण ओलांडून घरी जायचे. एकदा दोघांचं कशावरून तरी वाजलं आणि मोरोपंतांनी त्यांना खांबलाच उतरवलं. नंतर कितीतरी दिवस हैबतराव आळीत सांगत होते की मास्तरांनी मला आडरानात सोडला, तिथून मी उन्हाचा चालत आलो.

मालतीला यातलं काही वेडेपणाचं वाटलं नाही. सासरे रोज पेणला जात होते आणि पेट्रोल जळत नव्हतं, म्हणजे रोज पेणच्या जाण्यायेण्याचं पेट्रोल वाचत होतं. बचतीत तिचं घर आळीत पहिलं आलं. शिवाय मोरोपंत संध्याकाळी परतायचे ते प्रवासाने दमलेले आणि खुशीत. वाटेत कोण भेटलं ते सांगायचे, आमटीला नावं न ठेवता जेवायचे.

मग कळलं की फियाटच्या नोंदणीची मुदत सव्वीस जानेवारीला संपते आहे. गाडी पेणच्या कार्यालयात नेऊन दाखवायची, नाहीतर मोडीत काढायची. जेवताना गोपाळ हळूच म्हणाला की मोडीत काढू, अंगण तरी मोकळं होईल. दुसऱ्या दिवशी मोरोपंत अर्ध्या वाटेतून परत आले. गाडीतून उतरले, स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले आणि मटकीला मोड कुठल्या बाजूने आले आहेत ते बघायला लागले.

मालतीने तिथल्या तिथे ठरवलं की गाडी पेणला जाणार.

विठू मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि पाळण्यातलं पोर उठू नये तसं हळूच लावून टाकलं. "वहिनी, आत कोंबडीचा संसार हाय," तो म्हणाला. "इंजिन आता तिचं." तसंही इंजिन चालू झालं असतं तर पेट्रोल लागलं असतं, आणि ते घरात येणार नव्हतं. तेव्हा गाडी सायकलींनी ओढत न्यायची ठरली. दिवस सव्वीस जानेवारीचाच धरला, कारण त्या दिवशी मालतीला झेंडावंदनानंतर सुट्टी होती, गोपाळला सुट्टी होती, वृंदाला सुट्टी होती. इतक्या सगळ्यांना एकदम सुट्टी कशी, असा प्रश्न गणिताच्या बाईंना पडला नाही.

त्याच दिवशी मंडळाची शर्यत होती. म्हणजे नव्हती, पण तिचा मांडव पडला होता. नियम दोनच होते. एका छपराखाली राहणारं सगळं कुटुंब इंधन न जाळता पेणला पोचलं पाहिजे, आणि ज्या कुटुंबाचा शेवटचा माणूस आधी पोचेल ते पहिलं. पहिलं बक्षीस पेट्रोल होतं, कारण देणगीदाराचा पंप होता. वाटेत केळी आणि सरबत फुकट असल्याचं वाचून मालतीने नाव घातलं. नियमात बसत होतं सगळं. मोरोपंत कुटुंबात होते आणि इंधनाची नळी कोंबडीने कधीच टोचून तोडली होती.

मंडळाचे अध्यक्ष काळुराम यांनी फियाट सगळ्यांच्या पुढे लावली. मागे लावली असती तर फोटोत अर्धवट आली असती. कपडे वाळत घालायची दोरी दुहेरी करून तीन सायकलींना बांधली. हैबतराव येऊन मागच्या सीटवर बसले. शर्यतीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते रोजच्यासारखे निघाले होते, आणि गाडी खरोखर हलली तेव्हा घाबरून मोरोपंतांना म्हणाले, "मास्तर, आज काय झालं वो हिला?"

कोलाडपर्यंत बरीच कुटुंबं पुढे निघून गेली. पण केळी कोलाडला होती. सगळे तिथे थांबले, मालतीने चालत्या सायकलवरून घड हिसकला आणि फियाट पुढे झाली. तिथून पुढचा हायवे रुंद करण्यासाठी उकरून ठेवल्यामुळे अगदी अरुंद झाला होता. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला खडीचे ढीग, मध्ये फियाट. मागे आळीतली सगळी कुटुंबं घंट्या वाजवत अडकली. मोरोपंतांनी नोकरीत असताना खुद्द शिक्षणाधिकाऱ्यांना साइड दिली नव्हती. त्यांनी आरशात बघितलं आणि सांगितलं की मागे फार गर्दी आहे, आपण सावकाश जाऊ.

खांबच्या पुढे मागच्या लोकांच्या लक्षात आलं की आपल्याला पेणला पोचायचं असेल तर आधी फियाट पोचली पाहिजे. सगळ्यात आधी काळुरामांनी स्वतःची सायकल बायकोकडे दिली आणि डिकीला हात लावला. मग एकेक करून सगळेच लागले. नागोठण्यात गाडी शिरली तेव्हा पुढून एक कुटुंब ओढत होतं आणि मागून बाकीचे सगळे प्रतिस्पर्धी ढकलत होते. मोरोपंतांनी नागोठण्याला गाडी थांबवायला लावली, कारण तिथे रोजचा थांबा होता. हैबतराव सवयीने उतरले, कुंपण ओलांडायला पाय उचलला आणि तसेच उभे राहिले. समोर त्यांचं घर नव्हतं. त्यांना विचारत बसायला कुणाला दम नव्हता, येताना घेऊ म्हणून सगळे पुढे गेले.

पेणला कमानीखाली फियाट पोचली. ढकलणारे तिच्या मागे होते, त्यामुळे ते मागून आले. नियमाप्रमाणे मोरोपंत हा कुटुंबाचा शेवटचा माणूस सगळ्यांच्या आधी पोचला होता. टाळ्या वाजवायला उभ्या असलेल्या पेणकरांनी गाडीकडे बघितलं, फलकावरचं 'मोटार सोडा, सायकल चालवा' हे वाचलं आणि हात खाली घेतले.

मालती बक्षिसाला थांबली नाही. उरल्यासुरल्या जोरावर तिने, गोपाळने आणि वृंदाने गाडी कार्यालयापर्यंत नेली. फाटकाला कुलूप होतं. कुलपामागे सखा नावाचा पहारेकरी खुर्चीत बसला होता. त्याने अदबीने सांगितलं की बाई, आज सव्वीस जानेवारी, सगळ्यांना सुट्टी.

इकडे कमानीखाली मंडळाची तातडीची सभा भरली. पेट्रोल वाचवायच्या सायकल शर्यतीत मोटार पहिली आली आणि तिला बक्षीस म्हणून पेट्रोल दिलं, अशी बातमी छापून येणार होती. ती गाडी पोचवायला आपण सगळे कसे राबलो तेही सोबत येणार होतं. तेव्हा शर्यत झालीच नाही, असं ठरलं. न झालेल्या शर्यतीला आलेली कुटुंबं टेम्पोत सायकली घालून परत गेली. टेम्पो डिझेलवर होता, त्यामुळे पेट्रोल वाचलं.

मालतीच्या घरच्यांनी रात्र फाटकाबाहेर गाडीतच काढली. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडलं. आतले कारकून सभ्य माणूस होते. त्यांनी सांगितलं की गाडी मुदतीत पेणला आली होती असा कुणाचा लेखी पुरावा आणा, साहेबांपुढे ठेवतो. मालतीने काळुरामांना फोन लावला आणि फक्त निकालाचा कागद मागितला, बक्षीस नको म्हणाली.

"कसला निकाल, वहिनी?"

"शर्यतीचा. तुम्हीच डिकी धरून आलात की पेणपर्यंत."

"मी काल घरीच होतो," काळुराम कण्हत म्हणाले. "पाय दुखतायत म्हणून झोपून होतो."

मालती फाटकाबाहेर आली. मोरोपंत गाडीतच बसून होते. बाहेर बघायलाही तयार नव्हते. हे पेण नव्हेच, असं त्यांचं म्हणणं होतं. ते रोज जात होते ते पेण वेगळं होतं, तिथे सावली होती आणि वळणावर एक ओळखीचा माणूस हात करायचा. त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ रुमालाने पुसली.

"मालती, हिला मोडीत नेलं म्हणजे मग मी जायचं कशातून?"

मालतीला हे गणित सुटेना. स्टूल अजून स्वयंपाकघरात होतं, पण ते स्टूल कुठे जात नव्हतं. तिने पुन्हा आत जाऊन कारकुनांकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि फियाटच्या बॉनेटवर ठेवून, कोंबडीला त्रास होणार नाही अशा बेताने, लिहायला सुरुवात केली. मोरोपंत खिडकीतून शुद्धलेखन बघत होते.

*मा. अधिकारी साहेब यांचे सेवेशी,*

*विषय: फियाट या वाहनास सायकल म्हणून मान्यता मिळणेबाबत.*

*महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, सदर वाहन दि. २६ जानेवारी रोजी रोहा येथून पेण येथे पायांनी चालवून आणण्यात आले असून, सायकल शर्यतीत त्याचा पहिला क्रमांक आला आहे. सायकल शर्यतीत सायकलच पहिली येऊ शकते, हे आपणांस मान्य व्हावे. शर्यत झाली नाही असे मंडळाचे म्हणणे ग्राह्य धरल्यास सदर वाहन पेणला आलेलेच नाही असे होते. तसे असल्यास आपल्या फाटकासमोर उभे असलेले वाहन कोणाचे, याची चौकशी व्हावी. सदर वाहनात इंजिन चालू नसून तेथे एक कोंबडी वास्तव्यास आहे, तिचे नाव नोंदणीत घालण्याचा आग्रह नाही. तसेच अर्जदार यांचे सहप्रवासी श्री. हैबतराव हे कालपासून नागोठणे येथे उभे असल्याने निर्णय लवकर व्हावा. सबब, सदर फियाट मोटार या वर्गातून काढून सायकल या वर्गात घेण्यात यावी व अर्जदारास तिच्यातून रोज पेणला जाण्याची कायम परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. घंटी आम्ही स्वखर्चाने बसवून घेऊ.*