दोन आसनांची गाडी

रविवारी सकाळी नाश्ता आटोपल्यावर क्षितिजने किल्ली हातात घेतली आणि वडिलांच्या खोलीच्या दारात उभे राहून विचारले, "बाबा, आज जायचं ना मांबलमला?"

बाळकृष्ण खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "नको रे आज. काल पुरुषोत्तमशी फोनवर बोललोय. आणि ऊन बघ कसं मी म्हणतंय."

"गाडीत एसी आहे."

"असू दे. तू ये फिरून. तुझी गाडी खाली उभी राहून कंटाळली असेल."

क्षितिजला हायसे वाटले आणि त्या हायसे वाटण्याची लगेच लाजही वाटली. नवी गाडी घरी आल्यापासूनचे सगळे रविवार थोड्याफार फरकाने असेच सुरू झाले होते. तो विचारी, बाबा नको म्हणत, आणि दोघेही पुढचे बोलणे टाळत. विचारणे हा आता केवळ उपचार उरला होता. तो पाळला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मनाला बजावत तो लिफ्टने खाली उतरे.

पूर्वीच्या गाडीत हा प्रश्नच नव्हता. ती उंच बांधणीची, सात जणांची, पांढरी, रुंद दारांची गाडी होती. तिच्यातून लेकीची, निधीची शाळा झाली, आईची शेवटची दवाखान्याची वर्षे झाली, पुण्याहून येणाऱ्या नातेवाइकांच्या कांचीपुरमच्या फेऱ्या झाल्या. बाबांच्या खुब्याचे ऑपरेशन झाल्यानंतरही ते तिच्या पुढच्या सीटवर नुसते टेकत आणि पाय आत घेत, इतकी त्या सीटची उंची नेमकी होती. दर रविवारी क्षितिज त्यांना वेलचेरीहून वेस्ट मांबलमला पुरुषोत्तममामांकडे सोडी आणि दुपारी घेऊन येई. बाबा तरुणपणी खडकीहून बदली होऊन चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात आले, तेव्हा शेजारच्या यंत्रावर पुरुषोत्तम होते. मूळचे तंजावरचे मराठी. घरात मराठी बोलणारे, पण शाळा सगळी तमिळ, त्यामुळे देवनागरी वाचायची म्हणजे त्यांना एकेक अक्षर चाचपावे लागे. पुण्याहून येणारे मासिक बाबांनी मोठ्याने वाचायचे आणि पुरुषोत्तमांनी ऐकायचे, मधे मधे हुज्जत घालायची, हा दोघांचा शिरस्ता कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत सुरू झाला आणि निवृत्तीनंतर रविवारवर आला. शशिकलामामी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यापासून पुरुषोत्तमांना घर सोडता येत नव्हते. जायचे ते बाबांनीच.

निधी कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि सात जणांच्या गाडीत क्षितिज रोज एकटा इरुंगाट्टुकोट्टैला कामावर जाऊ लागला. त्याच सुमारास एका ओळखीच्याकडे दुसरीच एक गाडी विकायला निघाली. दोन दारे, दोन आसने, गडद निळा रंग, जमिनीला चिकटून बसलेली. इंजीनियरिंगच्या वसतिगृहात भिंतीवर जिचे चित्र लावले होते तिचीच ही धाकटी बहीण. बायको, सावनी म्हणाली, "जुनी देऊन टाक, ही घे. आजवर सगळं आमच्यासाठीच घेतलंस." बाबांना विचारले तर म्हणाले, "तुझी गाडी, तुझी कमाई. मला कशाला विचारतोस?"

या वाक्याचा अर्थ क्षितिजला लहानपणापासून ठाऊक होता. आपल्यामुळे कुणाची अडचण नको, या एका धोरणावर बाबांनी सगळी नोकरी आणि सगळा संसार केला होता. नको असलेल्या गोष्टीलाही ते नको म्हणत नसत. तो निर्णय समोरच्यावर सोपवत, आणि समोरच्याने ओळखावे अशी अपेक्षा ठेवत. आई ओळखत असे. क्षितिजने ओळखले आणि तरीही ती संमतीच धरली.

त्याहून वाईट गोष्ट अशी की तो मोटारींच्या सीटच बनवणाऱ्या कंपनीत होता. नव्या मॉडेलची सीट ठरवताना ते निरनिराळ्या माणसांना बोलावून बसवत आणि उठवत. नऊवारी-सहावारीतल्या बायका, पोट सुटलेले पुरुष, गुडघे धरलेले म्हातारे. माणूस उठताना कुठे हात टेकतो, मान कशी वळवतो, कोणत्या क्षणी त्याचा चेहरा बदलतो, हे पाहणे हे क्षितिजचे कामच होते. निळ्या गाडीचे दार पहिल्यांदा उघडले तेव्हा त्याच्या नजरेने सवयीने सीटची उंची जोखली होती. बाबांना यातून उठता येणार नाही, हे त्याला त्याच क्षणी कळले होते. ते कळणे त्याने कचेरीतल्या ओळखपत्रासारखे खिशात घालून ठेवले.

गाडीने सुख दिले नाही असे मात्र म्हणता येत नव्हते. पहाटे बंगळुरू महामार्गावर ट्रकांची रांग मागे पडली की स्टिअरिंग हातात जिवंत होई, आणि शेचाळिसाव्या वर्षी आपल्याला अजून काही हवेसे वाटते याचेच त्याला नवल वाटे. मग वळणावर केव्हातरी शेजारचे रिकामे आसन दिसे.

बाबा त्या आसनावर एकदाच बसले होते. पुरुषोत्तमांच्या गल्लीत उतरताना एक हात क्षितिजने ओढला, एक हात फुलवालीने, आणि चप्पल गाडीतच राहिली. "अरे, माझा पुन्हा जन्मच झाला की!" असे म्हणून बाबा सगळ्यांच्या आधी हसले होते. पण त्या दिवशी मासिक वाचताना त्यांचा एक हात सारखा मांडीवरून फिरत होता. पुढच्या रविवारपासून ऊन जास्त पडू लागले.

"कॅब बोलवू का बाबांना?" असे सावनीने मधे विचारले होते. बाबांनी मान हलवली होती. "मुलाच्या दारात गाडी उभी आणि मी भाड्याच्या गाडीतून उतरायचं? पुरुषोत्तम काय समजेल? नको. फोन आहे ना."

या रविवारनंतरच्या बुधवारी कारखान्यात दुरुस्तीसाठी वीज बंद झाली आणि क्षितिज दुपारीच घरी आला. बुटांची नाडी सोडताना त्याला बाबांच्या खोलीतून सावनीचा आवाज ऐकू आला.

"हात टेकायचा नाही म्हटलं ना! गाडीत टेकायला काय आहे?"

"अगं, दाराची कड असते."

"कड धरलीत तर दार हलतं. तुम्हीच सांगितलंत परवा. चला, पुन्हा."

क्षितिजने आत डोकावले. न्हाणीघरातल्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बाबा बसले होते. गुडघे छातीपाशी आले होते. त्यांनी दात आवळले, पुढे झुकले, अर्धवट उठले, थरथरले आणि एकदाचे उभे राहिले. चेहरा घामाने भिजला होता, पण त्यावर शाळकरी मुलाचा आनंद होता. तेवढ्यात त्यांना क्षितिज दिसला.

"हे काय चाललंय?"

"व्यायाम," बाबा म्हणाले. "बसून बसून सांधे धरतात रे."

"सावनी?"

"मला कशाला विचारतोस?" सावनी टॉवेल पुढे करत म्हणाली. "सीटचा तज्ज्ञ तू आहेस. महिना झाला, दुपारच्या चहाआधी रोज चाललंय. मला शपथ घातली होती."

"पण कशासाठी, बाबा? मी काही म्हटलं का?"

बाबांनी सावकाश तोंड पुसले. "पुरुषोत्तम चाललाय. घर सोडतोय. मुलीकडे, होसूरला. शशिकलाबाईंचं एकट्यानं होत नाही त्याला. महिनाअखेर सामान हलणार."

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"झाले बरेच दिवस."

"मग सांगायचंत ना!"

"सांगून काय करणार होतास? गाडी परत देणार होतास?" बाबा हे रागाने म्हणाले नाहीत. खरोखरच विचारल्यासारखे म्हणाले. मग त्यांनीच सावरून घेतले. "हे बघ, आता जमतंय मला. या रविवारी जाऊ."

"शेजारच्यांची उंच गाडी मागून आणतो."

"मागून? भले! तुझ्या गाडीनं जायचं. एवढं शिकलो ते काय वाया घालवू?"

क्षितिजला सांगायला हवे होते. स्टुलावर डोक्याशी छप्पर नसते, बाजूला दाराची चौकट नसते, पाय मोकळ्या फरशीवर असतात. या चाचणीला कारखान्यात कुणी चाचणी म्हटले नसते. पण बाबांचा चेहरा पाहून त्याने ते गिळले आणि रविवारपर्यंत रोज गिळत राहिला.

रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मासिक घेतले आणि गाडीत शिरताना खाली पडल्यासारखे सीटवर बसले. सैदापेटच्या पुलावर ते म्हणाले, "छान आहे रे. रस्ता अगदी अंगाखालून जातो." प्रत्येक गतिरोधकाशी गाडी तिरकी घेताना क्षितिज त्यांच्याकडे चोरून बघत होता. ते ओठ मिटून, मांड्यांवर हात दाबून बसले होते. मनात उठण्याची उजळणी चालली असावी.

गल्लीत पुरुषोत्तमांच्या तळमजल्याच्या घरासमोर गाडी थांबली. क्षितिजने धावत जाऊन दार उघडले.

"तू हात लावू नकोस," बाबा म्हणाले.

त्यांनी पाय बाहेर काढले, पुढे झुकले आणि त्यांचे कपाळ छपराच्या कडेवर आपटले. दुसऱ्यांदा त्यांनी मान खाली घातली, तेव्हा कंबर उठली नाही. तिसऱ्यांदा ते अर्धे उठले आणि खुब्यातून कळ आली असावी, कारण तोंडातून एक आवाज निघाला आणि ते मागे कोसळले. मासिक मांडीवरून रस्त्यावर पडले. क्षितिजने ते उचलले. वडिलांच्या नजरेला नजर न देण्यासाठी त्याला काहीतरी उचलायला हवेच होते.

"महिनाभर..." बाबा पुटपुटले. "घरी होत होतं रे. विचार सावनीला."

"होत होतं, बाबा. मी पाहिलंय."

घराच्या पायरीवरून कमरेची वेष्टी सावरत पुरुषोत्तम येत होते. "काय बाळकृष्णराव! विमानांत बसल्यावाणी बसलेत की! उतरूं नका, उतरूं नका."

"उतरतो हो. जरा दम घेतो."

"अय्यो, दम कशाला? ही दुसरी सीट रिकामीच आहे नव्हे? मीच येतों आंत. जन्मांत असली गाडी कधी बसणार मी?" ते क्षितिजकडे वळले. "क्षितिजा, एसी लाव रे बाबा. आणि तूं आंत जाऊन मामीजवळ बस जरा. ती एकटी आहे. सेरी? ठीक ना?"

पुरुषोत्तम ड्रायव्हरच्या बाजूने, एक हात छपरावर आणि एक हात सीटवर ठेवत, कण्हत आणि हसत आत सरकले. "आता दोघांना मिळून क्रेन लागेल," बाबा म्हणाले. क्षितिजने एसी सुरू करून दिला. दोन्ही दारे लागली. काचेआड बाबांनी चष्मा चढवून मासिक उघडले आणि पहिल्याच ओळीला पुरुषोत्तमांनी हात वर करून काहीतरी आक्षेप घेतला.

खोलीत पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. खिडकीलगतच्या पलंगावर शशिकलामामी पडल्या होत्या. बोलताना त्यांचे अर्धे तोंड मागे राही, पण शब्द स्पष्ट असत.

"ये. बस. वाळलास की रे."

"नाही मामी."

"वाळणारच. रविवारीं पण बोलावतात म्हणे कारखान्यांत. बाळकृष्णराव दर वेळीं फोनवर सांगतात कीं माझ्या लेकाला श्वास घ्यायला फुरसत नाहीं, नाहींतर त्यानं मला आणलंच असतं." त्यांनी चांगला हात पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवला. "मी यांना म्हटलें, त्या पोराला बोल लावूं नका. पोटासाठीं करतो."

क्षितिजने त्या हाताकडे पाहिले. बाबांनी त्याच्यासाठी कामाचा डोंगर उभा केला होता, आणि तो स्वतः त्याच रविवारी किनाऱ्याच्या रस्त्यावर महाबलीपुरमपर्यंत गाडी फिरवून येत होता.

"मामी, एकाही रविवारी मला काम नव्हतं."

त्यांनी भुवई उचलून त्याच्याकडे पाहिले.

"गाडी बदलली मी. बाबांना तिच्यातून उठता येत नाही. घेतानाच मला माहीत होतं. तरी घेतली. ते नको म्हणत होते आणि मी ऐकत होतो, कारण मला ते सोयीचं होतं."

मामींनी खिडकीकडे मान वळवली. तिथून निळ्या गाडीचे छप्पर तेवढे दिसत होते. मग त्या म्हणाल्या, "यांना सांगितलंस?"

"नाही. आता सांगतो, बाबांच्या समोरच."

"नको." मनगटावरचा हात घट्ट झाला. "तूं सांगून मोकळा होशील रे. त्यांचें काय? आपल्या मित्रासमोर ते खोटे पडतील. आम्हीं जायच्या वेळेला त्यांना खोटं पाडूं नको."

"मग मी काय करू?"

"काय करणार? रविवारीं कामाला जात होतास."

तासाभराने पुरुषोत्तम खिडकीशी येऊन हाक मारू लागले. क्षितिज बाहेर गेला. बाबा अजून गाडीतच होते, चष्मा कपाळावर, चेहरा खुललेला. छपराची कड लागली होती तिथे लाल वळ उठला होता.

"संपलं नाही अजून," ते म्हणाले. "अर्धा लेख राहिला. हा मधे मधे बोलतो फार."

"हे चुकीचें वाचतात, मग बोलूं नको?" पुरुषोत्तम म्हणाले.

बाबांनी क्षितिजकडे पाहिले. मग पुरुषोत्तमांना नीट ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी आवाज जरा चढवला. "काय रे, पुढच्या रविवारी मिळेल का तुला सुट्टी? साहेबाला विचारून बघ."

त्यांच्या डोळ्यांत किंचित विनवणी होती. पुरुषोत्तमही उत्तराची वाट पाहत होते.

"मिळेल, बाबा," क्षितिज म्हणाला. "आजच सांगून ठेवतो त्यांना."

"बघ हो पुरुषोत्तम," बाबा समाधानाने म्हणाले. "एवढं काम असूनही."