तळ्यावरचा नावाडी

ज्या वर्षी धाकटीच्या लेकीचं लग्न मोडलं आणि रुसवेफुगवे निघून त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्याच वर्षी त्या जुन्या पुस्तकावर सिनेमा काढायचं घाटलं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी नाव तेच राहिलं. सिनेमाचे कपडे शिवायच्या कारखान्यात ती मशीनवर बसायची. तिथे सगळे तिला मावशी म्हणत. पुस्तकाचं नाव कानावर पडलं तेव्हा तिच्या हातातली कात्री थांबली. हे पुस्तक लहानपणी ताईने, तिच्या मोठ्या बहिणीने, तिला रोज थोडं थोडं वाचून दाखवलं होतं. दोन बहिणी आईला शोधत सावल्यांच्या देशात जातात, वाटेत मोठं तळं लागतं, आणि एक नावाडी त्यांना पलीकडे सोडतो. त्याच्या डगल्याला खिसेच खिसे, आणि खिशाखिशात झोपलेली पाखरं.

काम सुरू झालं. राणीचा झगा आला, सावल्यांच्या टोप्या आल्या, नावाड्याचं मात्र कुणी नाव काढेना.

"मास्तर, नावाडी राहिला की," धाकटी कारखान्याच्या मुख्य शिंप्याला म्हणाली.

"नावाडी?" मास्तरांनी चष्मा वर केला. "हो हो, नावाडी. राहिलाच. घे शिवायला."

इथेच घोळ झाला. लहानपणी आपण हे पुस्तक वाचलंय, असं त्या सिनेमातला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगायचा, आणि त्यातल्या निम्म्यांनी ते हातातही धरलं नव्हतं. त्यामुळे नावाडी कोण, असं विचारून आपलंच पितळ कोण उघडं पाडणार? मास्तरांनी सेटवाल्यांना सांगितलं, सेटवाल्यांनी नाव बांधायला घेतली. एका म्हाताऱ्या नटाला दाढी वाढवायला सांगितली, आणि तोही म्हणाला, "माझी फार आवडती भूमिका."

शेवटी तो नट डगला घालून आरशापुढे उभा राहिला तेव्हा दिग्दर्शिका आत आली. तिने मात्र पुस्तक खरंच वाचलेलं होतं.

"हे कोण?"

"नावाडी," चौघं एकदमच म्हणाले.

"कुठला नावाडी?"

सगळ्या माना मशीनकडे वळल्या. धाकटी उठून उभी राहिली. "तळ्यावरचा. दोघी बहिणींना पलीकडे नेतो तो."

दिग्दर्शिका चिडली नाही. स्टूल ओढून धाकटीजवळ बसली. "मावशी, पुस्तकात नावाडी नाही. तळं गोठलेलं असतं आणि बर्फ एकीचाच भार पेलतो. धाकटी एकटी जाते. मोठी अलीकडे राहते."

"आणि मग?"

"मग काही नाही. पुढे तिचा उल्लेखच नाही."

नटाने डगला उतरवला. दाढी खाजवत म्हणाला, "तरीच मला संवाद मिळेनात."

कारखान्यात हशा पिकला. धाकटीही हसली. घरी गेल्या गेल्या तिने ताईला फोन लावला. ताई दूर, लेकाकडे असायची. डोळे जवळजवळ गेलेले, आणि हृदयही थकलंय असं डॉक्टर म्हणत होते.

"ताई, आपल्या पुस्तकात नावाडी होता का गं?"

ताई हसत सुटली. हसता हसता खोकली. "आत्ता सापडले होय मी?"

"म्हणजे?"

"अगं, पुस्तक रद्दीतलं. मधली पानंच नव्हती. इकडे दोघी तळ्याशी उभ्या, आणि पान उलटलं की धाकटी एकटीच पलीकडे. तू मांडीवर डोकं ठेवून विचारलंस, ताई, मोठी कुठे गेली? काय सांगणार होते मी? आणला नावाडी. आणि एकदा नेलं म्हटल्यावर शेवटपर्यंत न्यायला नको? प्रत्येक पानावर मोठीच्या तोंडी काही ना काही घालत बसले. दमवलंस बाई मला."

इतकी वर्षं धाकटीला त्या पुस्तकातलं जे जे पाठ होतं, ते सगळं मोठ्या बहिणीचंच बोलणं होतं.

"मग खरं काय होतं त्या पानांत?" ताईने विचारलं.

"सांगू?"

"फोनवर नको. जन्मभर थांबलेय, आता तुझ्या शेजारी बसूनच ऐकेन. सिनेमा कधी लागायचाय?"

सिनेमाला अजून खूप वेळ होता. ताईला तितका वेळ आहे का, हे विचारायची कुणाचीच हिंमत नव्हती. धाकटी दिग्दर्शिकेकडे गेली. "नावाडी नुसता लांबून दाखवा. धुक्यात," म्हणाली.

"मावशी, ती एकटी आहे यावरच तर पुढचा सगळा सिनेमा उभा आहे."

"ते कळतं हो मला. पण माझी ताई यायचीय."

दिग्दर्शिकेने बराच वेळ बोटातली अंगठी फिरवली. नावाडी तिने दिला नाही. पण सिनेमा अर्धामुर्धा जोडून झाला, अजून संगीतही नव्हतं, तेव्हा तिने स्टुडिओतल्या छोट्या खोलीत दोघींसाठी तो लावला. भाचा ताईला धरून घेऊन आला. ताई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सांग आता. पूर्वी मी सांगत होते, तू नुसती खात खात ऐकायचीस."

धाकटी कानाशी तोंड नेऊन सांगत गेली. राणी आली, सावल्या आल्या, झग्याची किनार आपण शिवली तेही सांगितलं. मग तळं आलं. नुसता वारा आणि बर्फावर पावलं वाजत होती.

"नावाडी आला का?"

हो म्हणायला काय लागत होतं? ताईला पडदा दिसत नव्हता. पण ताईने ती पानं मागितली होती.

"नाही आला," धाकटी म्हणाली. "बर्फ एकीलाच पेलतो. मोठी काठावर थांबलीय."

मग ताईने विचारलं, "धाकटी मागे बघतेय का?"

पडद्यावरची मुलगी सरळ पुढे चालली होती.

"बघतेय," धाकटी म्हणाली. "सारखी बघतेय."

"तिला म्हणावं, बघू नको. पाय घसरेल." ताईने तिचा हात शोधून धरला. "आणि मोठी उभी आहे ना अजून?"

"आहे."

"मग ठीक आहे. मला इतकी वर्षं वाटत होतं, ती मेली."

पुढचा सिनेमा धाकटीने फारसा सांगितला नाही, आणि ताईनेही विचारला नाही.

ताई त्यानंतरच्या हिवाळ्यात, लेकाच्या घरी, सकाळचा चहा घेऊन जरा आडवी झाली होती तेव्हा वारली. सिनेमा उन्हाळ्यात लागला.