दोघांची हवा

माणसाचं घर त्याच्या मागच्या चाकावरून कळतं. नाक्यावर सायकली दुरुस्त करता करता सव्वीस वर्षांत मी एवढं शिकलो. चाक मऊ ठेवतो तो एकटा जातो. कडक ठेवतो त्याच्या कॅरिअरवर कुणीतरी बसतं. कोण, ते मी विचारत नाही. चार दिवसांत आपोआप कळतं.

धर्माजीचं चाक गावात सगळ्यांत कडक. इथून उरणचा बाजार अकरा किलोमीटर. तिथल्या एका क्लिअरिंग एजंटाच्या हापिसात तो शिपाई, आणि त्याची बायको कोकिळा बाजारात सुक्या मासळीची टोपली घेऊन बसायची. दोघं एकाच सायकलवर. ती कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर टोपली, तोंड अखंड चालू. बंदराचे ट्रेलर कानाशी भोंगे वाजवत जायचे. धर्माजीला मात्र हिचंच ऐकू यायचं. सकाळी पावणेआठला माझ्यापुढं थांबायची.

"भागोजीभाऊ, नीट भरा हां. काल वालाचं बिरडं खाल्लंय मी."

"मग हा पंप कसा पुरंल, वहिनी?"

"नसंल पुरत तर तुमच्या भावाच्या पायात भरा थोडी. चढावर फुसफुसतात."

ती आधी बसायची. मग धर्माजी पुढून, दांडीवरून पाय टाकून चढायचा. मागं माणूस असलं की तसंच चढावं लागतं.

शिमग्यानंतर कोकिळेला झटका आला. डावं अंग गेलं. आठवड्यानं धर्माजी एकटाच आला आणि म्हणाला, "मागं दोघांची भर."

"दुसरं कोण? हापिसातली मॅडम?"

"कोकिळा बसनार हाय. दसरा झाला की. तिनं तसं ठरवलंय."

तेव्हापासून हवा भरताना तो रोजची खबर द्यायचा. आज खाटेवरून उठली. आज उंबऱ्यापर्यंत आली. आज तुळशीपर्यंत. तुळशीपर्यंत यायला तिला तीन महिने लागले. मी मनातल्या मनात गणित मांडलं: या चालीनं कॅरिअरपर्यंत यायला पुढचा दसरा उजाडंल. इकडं धर्माजी त्या कडक चाकावर खड्ड्याखड्ड्यांतून एकटा आदळत होता. संध्याकाळी सायकलवरून उतरला की कंबर धरून उभा राहायचा.

गणपती झाल्यावर मी शहाणपणा केला. तो म्हणायचा, "दोघांची." मी म्हणायचो, "दोघांचीच," आणि भरायचो एकट्याची. त्याची कंबर दुखायची राहिली. मला वाटलं, पुण्य लागलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंप बाहेर काढतोय, तर आळीच्या तोंडाशी धर्माजी. कॅरिअरवर कोकिळा. नवी साडी, केसांत अबोली, उजव्या हातानं त्याच्या शर्टाची मूठ धरलेली. अंगानं सुटली होती, बसून बसून. दुकानावर तिघं गिऱ्हाईक होते. तेही उठून उभे राहिले.

माझ्यापासून वीस पावलांवर मागचं चाक बसलं. रिम खडीवर घासल्याचा आवाज आला. सायकल हेलकावली. धर्माजीनं पाय टेकले.

"बघा," कोकिळा म्हणाली. बोलणं थोडं जड झालं होतं. "चाकालाबी झेपना मी."

"हवा कमी असंल गं. भागोजी, काल दोघांचीच भरलीस ना?"

तिघंही गिऱ्हाईक माझ्याकडं बघत होते. भागोजीची हवा कधी कमी नसते, हे गावात लहान पोरही सांगंल.

"दोघांचीच भरली होती," मी म्हणालो.

कोकिळेनं मान हलवली. "उतरवा मला."

"अगं, आता भरंल तो."

"उतरवा म्हनते ना."

धर्माजीनं तिला उतरवलं. एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात बायको धरून तो आळीत परत गेला. मी पंपावर हात ठेवून उभा होतो. नंतर जाऊन सांगू, असं म्हटलं. दिवाळीत गेलो नाही. तुळशीच्या लग्नाला निघालो, वाटेतून परतलो. मार्गशीर्षात दुसरा झटका आला आणि कोकिळा गेली.

तेरावं झाल्यावर धर्माजी सायकल घेऊन आला.

"एकट्याची भर."

मी पंप लावला नाही. गणपतीपासूनचं सगळं त्याला सांगितलं. तो खाली बसून चाक अंगठ्यानं दाबत राहिला.

"मला काय सांगतोस?" तो म्हणाला. "तिला सांगायचं होतंस. त्या दिवसानंतर ती तुळशीपर्यंतबी आली न्हाय. मी म्हनायचो, अगं, हवा कमी होती. तर म्हनायची, उगा समजूत काढू नका, भागोजीभाऊंची हवा कमी नसते."

मी हवा भरली. किती भरली ते मला सांगता यायचं नाही. त्यानंही चाक पुन्हा दाबून पाहिलं नाही. कॅरिअर रिकामंच होतं, पण पाय त्यानं पुढूनच टाकला, दांडीवरून.