तिसऱ्या मजल्यावरचा उघडा दरवाजा

बसा मित्रांनो, त्या पायरीवरच टेका. आत या म्हणाले असते, पण मला आता कुलूप लागलंय. मी एक जुनी लिफ्ट आहे. विलेपार्ल्याच्या पूर्वेला पाच मजल्यांची आमची सोसायटी, जिना माझ्याभोवती वळणं घेत वर जातो आणि मधल्या जाळीच्या विहिरीत मी. बोलता बोलता मधेच थांबले तर रागावू नका, ती माझी जुनी खोड आहे. चाळीस वर्षं वर आणि खाली, खाली आणि वर केलं. एवढं फिरून काय पाहिलंस म्हणाल, तर समोरचा रस्तासुद्धा पाहिला नाही.

मी आले तेव्हा काय कौतुक होतं माझं! सागवानी फळ्या, आत आरसा, कपाळावर पितळी पाटी, 'चार माणसे, २७२ किलो'. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मला दरवाजे दोन, एक माझा आणि एक त्या त्या मजल्याचा, दोन्ही जाळीचे, हाताने ओढून लावायचे. दोन्ही घट्ट लागले तरच मी हलते. बोटभर फट राहिली तरी मी तिथेच अडकते, आणि मग खालचा माणूस जाळीला तोंड लावून ओरडतो, "लिफ्टचा दरवाजा लावा!" ही हाक पाचही मजल्यांना ऐकू जाते. माझ्या विहिरीत कुजबुजसुद्धा लपत नाही.

त्या काळी माझ्याकडे काशीराम होता. मालवणकडचा माणूस, गिरणी बंद पडल्यावर लिफ्टमन म्हणून लागलेला. चौघांनंतर कोणी आत घुसलं की म्हणायचा, "पाचव्यान जिन्यान येवचा!" दर शनिवारी दरवाज्यांच्या खाचांत तेल घालायचा, माझी पाटी चिंच लावून घासायचा. बावीस वर्षांनी तो गावी गेला आणि त्याच्या जागी कोणीच आलं नाही. तेल गेलं, आरसा तडकला, आणि ती दरवाज्याची हाक दिवसातून दहा वेळा ऐकू येऊ लागली. जो तो म्हणे, दुसऱ्याने टाकला असेल उघडा. माझ्या नाकी नऊ आले हो!

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या कुंदाताईंनी सुरेख अक्षरात एक सूचना लिहून माझ्या आत चिकटवली. 'कृपया दोन्ही दरवाजे नीट लावावेत. आपल्या आळसाने दुसऱ्याचे हाल होतात.' विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. शिस्त म्हणजे शिस्त. कुणी दरवाजा उघडा टाकला की जिन्यात उभ्या राहून त्याची बिनपाण्याने करायच्या. सगळे त्यांना टरकून असत. मला मात्र त्या फार आवडायच्या.

यंदाच्या जानेवारीत कुंदाताईंकडे वांजिरू राहायला आली. केनियाची मुलगी, वय बावीस. तिकडे फिजिओथेरपी शिकत होती आणि शेवटच्या वर्षाचं चार महिन्यांचं शिकाऊ काम करायला इथल्या एका इस्पितळात आली होती. इस्पितळाची अट अशी की परदेशी मुलीने ओळखीच्याच घरात राहायचं. कुंदाताईंची भाची तिथे डॉक्टर, तिच्या शब्दावर ही खोली मिळाली. घर गेलं तर काम गेलं, आणि काम गेलं तर पोरीचं अख्खं वर्ष गेलं.

आणि पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. दोन जाडजूड बॅगा घेऊन ती एकटी आत शिरली आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये माझा जीव गेला. दिवा गेला, पंखा गेला. चाळीस मिनिटं ती बॅगेवर बसून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. त्या दिवसानंतर तिने माझ्यात पाऊल ठेवलं नाही. सकाळी साडेसहाला जिन्याने खाली, दुपारी जिन्याने वर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हळूहळू ती रुळली. केनियात चपाती आणि चहा रोजचाच, हे ऐकून कुंदाताई थक्क झाल्या. "अगं, मग मी तुला शिकवू काय?" त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे पोळी म्हणायचं हं!" आणि वांजिरूची पोळी आपल्यापेक्षा गोल होते, हे सगळ्या मजल्यांवर त्यांनीच सांगितलं. संक्रांतीला ती डबा घेऊन घरोघर तिळगूळ वाटत फिरली. पाचव्या मजल्यावरचे मार्तंडकाका, निवृत्त प्राध्यापक, त्यांनी तिला 'गोड बोला' म्हणायला शिकवलं. ती म्हणाली, "रोजच गोड बोलायचं ना? आज का?" काका हसून म्हणाले, "अगं, रोज कुठलं जमतंय आम्हाला!"

तिचं मराठी सगळं इस्पितळात उचललेलं. वाकवा, सोडा, श्वास घ्या, दुखतंय का, अजून एकदा. भाजीवालीलासुद्धा "हळू हळू, अजून एकदा" म्हणाली, म्हणजे पुन्हा वजन कर. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. मग दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसायची, माझ्या जाळीला डोकं टेकून. ती दमलेली, मीही दमलेली. बरं वाटायचं मला.

मग फेब्रुवारीतला तो बुधवार आला. वांजिरू त्या दिवशी लवकर सुटली, एकच्या सुमाराला जिन्याने वर गेली आणि खोलीत आडवी झाली. अर्ध्या तासाने मार्तंडकाका माझ्यातून खाली उतरले. काका शहात्तर वर्षांचे, नोव्हेंबरात एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिना चढायला बंदी. सुनेने फरसाणही बंद केलेलं, म्हणून ती ऑफिसला गेली की काका गुपचूप कोपऱ्यावरून पुडी आणायचे. ते बाहेर पडले आणि मागोमाग कुंदाताई आल्या. दोन्ही हातांत पिशव्या, पर्समध्ये फोन वाजतोय. तिसऱ्या मजल्यावर उतरल्या, कोपराने दरवाजा ढकलला. तो लागला आणि बोटभर मागे आला. तेल कुठलं त्याला! कुंदाताई वळूनही न बघता घरात गेल्या.

दोन वाजता काका परत आले, त्यांनी बटण दाबलं. मी हलेना. "लिफ्टचा दरवाजा लावा!" काकांनी चार हाका मारल्या. पण पार्ल्यात दुपारी दोन ते चार कोण उठतंय? जो तो या कुशीवरून त्या कुशीवर वळला, लावेल कोणीतरी म्हणाला. कुंदाताईसुद्धा वळल्या. काका खालीच बसून राहिले असते तर बरं झालं असतं. पण माणूस तापट! कठडा धरून चढू लागले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोसळले. मनगट मोडलं, आणि ऑपरेशनच्या गुडघ्याला मार बसला.

आवाजाने सगळे धावले. सगळ्यात आधी वांजिरू पोचली. वर्तमानपत्राची जाड घडी करून तिने काकांचं मनगट ओढणीने नीट बांधलं. कुंदाताईही बाहेर आल्या. सगळ्यांच्या नजरा काकांवर होत्या, तेवढ्यात कुंदाताईंनी हळूच माझा दरवाजा ओढून घट्ट लावला. मी पाहिलं. दुसऱ्या कोणी पाहिलं नाही.

काकांना इस्पितळात नेल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी निलेश जिन्यात उभा राहिला. "वाट लागली ना म्हाताऱ्याची! लिफ्ट तिसऱ्यावर होती. कोण आलं होतं तिसऱ्यावर?"

तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं, त्यातलं एक कित्येक वर्षं बंद. कुंदाताईंवर शंका कोण घेणार? सगळे वांजिरूकडे बघू लागले.

"मी जिन्याने येते. रोज," ती म्हणाली.

"लिफ्ट सोडून तीन मजले जिना? कोणाला गंडवतेस?" निलेश म्हणाला. "हिला सवयच नसणार दरवाजा लावायची. यांच्याकडे असल्या लिफ्ट कुठे असतात?"

कुंदाताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या बाईने सगळ्या बिल्डिंगला शिस्त लावली, तिने सगळ्यांसमोर कसं म्हणायचं की दरवाजा मीच उघडा टाकला? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी निलेशने खाली नोटीस लावली. परदेशी पाहुणीने रविवारपर्यंत खोली सोडावी.

मित्रांनो, यंत्राला काही वाटत नाही म्हणतात. साफ खोटं! ते चार दिवस मला कुंदाताईंचा राग राग आला. त्या आत आल्या की मान खाली घालून उभ्या राहायच्या, स्वतःच्याच सूचनेकडे पाठ करून. शुक्रवारी काका हाताला प्लास्टर घालून घरी आले. कुंदाताई त्यांना भेटायला पाचव्या मजल्यापर्यंत गेल्या, दारापाशी थांबल्या आणि बेल न वाजवता परत आल्या. "उद्या सांगते, उद्या नक्की," असं स्वतःशीच म्हणाल्या. वांजिरू जिन्यातून जाताना लोक गप्प व्हायचे. ती वळणावर बसायची बंद झाली.

रविवार उजाडला. वांजिरूच्या बॅगा दाराबाहेर आल्या. खाली निलेश रिक्षा थांबवून उभा होता.

"बॅगा मी लिफ्टने नेते. तू ये चालत," कुंदाताई म्हणाल्या.

आम्ही निघालो, आणि तिसऱ्या-दुसऱ्या मजल्याच्या मध्ये खडखड होऊन मी थांबले. दिवा गेला. खरं सांगते, मी मुद्दाम अडकले नाही. लिफ्टने न्याय केला असं कोणी म्हणालं तर ऐकायला गोड वाटेल, पण खोटं कशाला बोलू? माझी मोटरच बसली होती.

"वांजिरू! अगं वांजिरू!" कुंदाताई घाबरून ओरडल्या. त्यांना घाम फुटला, श्वास लागला, त्या बॅगेवर बसल्या.

वांजिरू तोवर दुसऱ्या मजल्याच्या खाली उतरली होती. तशीच निघून गेली असती तर तिला कोण बोललं असतं? पण ती धावत वर आली आणि जाळीला टेकून पायरीवर बसली. "मावशी, मी इथे आहे. श्वास घ्या. सोडा. अजून एकदा."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती आपली म्हणतेच आहे, घ्या, सोडा, अजून एकदा. कुंदाताईंचा श्वास जागेवर आला आणि त्यांना रडू फुटलं. "दरवाजा मी उघडा टाकला होता गं."

"मला माहीत आहे."

"तुला?"

"मी झोपले नव्हते. तुम्ही आलात, लिफ्टचा, मग किल्लीचा आवाज ऐकला. मग झोप लागली."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल."

कुंदाताईंनी डोळे पुसले. मग बॅगेवरून उठल्या, जाळीला तोंड लावलं आणि ज्या आवाजात त्या इतकी वर्षं लोकांना झापायच्या त्याच आवाजात ओरडल्या, "निलेश! ऐकतोयस ना? बुधवारी दरवाजा मी उघडा टाकला. मी! ही पोर जिन्यानेच आली होती. मार्तंडराव, तुमचा हात माझ्यामुळे मोडला हो!"

मग पाचव्या मजल्यावरून काकांचा आवाज आला. "ऐकलं गं कुंदा, सगळ्यांनी ऐकलं. हात मोडला तो मोडला. पण चार दिवस त्या पोरीच्या तोंडाकडे बघवलं कसं तुला?"

खाली निलेशने "च्यायला!" म्हणून नोटीस टराटरा फाडली आणि रिक्षा परत पाठवली. कोणीतरी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन हाताने चाक फिरवलं, तेव्हा कुठे मी खाली सरकले आणि कुंदाताई बाहेर पडल्या. "सॉरी यार, चुकलं माझं. बॅगा मी वर नेतो," निलेश म्हणाला. "मीच नेते," वांजिरू म्हणाली, आणि तिने दोन्ही बॅगा तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः चढवल्या. दोन दिवस ती कुंदाताईंशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चहा ठेवू?" एवढंच.

पुढच्या आठवड्यात तपासणीस आला आणि मला कायमचं कुलूप लावून गेला. नवी लिफ्ट बसायला तीन-चार महिने लागणार होते. पाचव्या मजल्यावर मार्तंडकाका अडकले. तेव्हा वांजिरूने रोज संध्याकाळी, इस्पितळातून दमून आल्यावरसुद्धा, काकांना जिना शिकवायला घेतला. "वर जाताना चांगला पाय आधी. खाली येताना दुखरा पाय आधी. हळू. अजून एकदा." पहिल्या दिवशी तीन पायऱ्या, मग सात, मग एक मजला. कुंदाताई घडीची खुर्ची घेऊन एक वळण पुढे उभ्या असत. काका टेकले, उठले, की त्या खुर्ची उचलून पुढच्या वळणावर. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्याही काही बोलत नसत. एप्रिलातल्या एका संध्याकाळी काका पाचही मजले उतरून तळाशी आले आणि माझ्या जाळीपाशी त्या खुर्चीत बसले. वांजिरूने त्यांचा गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "दुखतंय का?" काका म्हणाले, "दुखतंय, पण चालेल."

मित्रांनो, आता मी भंगारात जाईन, आणि मला त्याचं काही वाटत नाही. चाळीस वर्षं पुरे झाली. दरवाजा काय, माणसाच्या हातून उघडा राहतो कधीतरी. काकांचं मनगट सांधलं, गुडघा वळू लागला, वांजिरू काम पुरं करून सगळ्यांना नमस्कार करून गेली. पण ते चार दिवस तिच्याबरोबर केनियाला गेले. कुंदाताईंना ते परत मागून घेता आले नाहीत. अजूनही त्या मधूनच जिन्यात थांबतात आणि वळणावरच्या त्या पायरीकडे बघत राहतात. म्हणून ही म्हातारी तुम्हाला विनवते, चूक झाली तर त्याच दुपारी दार उघडून बाहेर या आणि सांगा. उद्यावर टाकू नका.