मेळाव्याची पंगत

बेळगावच्या आमच्या बोर्डिंगात गरीब पोरांची कॉलेजची फी जुने विद्यार्थी भरायचे. ते आता वकील, मामलेदार झालेले. त्यांच्यातले नागोजीराव वकील, आमचे आप्पा, दर रविवारी आम्हाला पुढारीपण शिकवायला यायचे. "उद्या इंग्रज जाईल, तवा देश तुम्हाला चालवायचाय! अन्याय दिसला की पहिल्यांदा तुम्ही उभं ऱ्हावा!" असं ते गरजायचे आणि आम्ही टाळ्या पिटायचो.

वर्षाच्या मेळाव्याला हीच मंडळी पाटांवर जेवायला बसली. स्वतःची फी भरणारी पोरं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली. आणि आम्ही स्कॉलरशिपवाले? आम्ही बादल्या घेऊन वाढायचं आणि शेवटी उरलंसुरलं खायचं. ही म्हणे बोर्डिंगची रीत! माझं डोकंच फिरलं. आमटीची बादली मी नागोजीरावांच्या पानासमोर आदळली आणि त्यांच्या शेजारच्या रिकाम्या पाटावर बसलो.



"ऊठ, भरमा!" ते दातओठ खात म्हणाले. "लई शेफारलास व्हय रं? अरं, मीबी स्कॉलरशिपवरच शिकलोय. चार वर्सं ह्याच पंगतीत वाढलंय मी. कधी तोंडातनं शब्द काढला न्हाय!"

"मग आप्पा," मी पान पुढं ओढत म्हणालो, "जे तुम्हाला एकदाबी जमलं न्हाय, ते दर रविवारी आम्हाला कशाला शिकवताय?"